आंबील चढली नव्हती

ऑपरेशनच्या आधीची ती बाई आज मला कुठं भेटली, तर मी तिच्याशी बोलायची नाही, नुसती हसत बसेन. वय पंचावन्न. खाली बसली तर उठवायला दोन माणसं लागायची, आणि ती दोन माणसं दमली म्हणून त्यांना चहा टाकायला परत हीच. एसटीत तिच्या शेजारी जागा असली तरी लोक उभ्यानं प्रवास करायचे. गुडघे कुरकुरत होते, बीपी चढलेलं, शुगर चढलेली, आणि तोंड मात्र कायम चालू. खाण्यासाठीही आणि बोलण्यासाठीही.

मुलानं मनावर घेतलं आणि मला सोलापूरच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाचा बराच भाग बाजूला टाकायचा, अंड्याएवढी पिशवी ठेवायची आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. मला ते रस्त्याच्या बायपाससारखं वाटलं. गावात न शिरता गाडी सरळ पुढं.

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून बसल्या. "देवानं दिल्यालं पोट कापून घ्यायला निघाली ही! आगं, तोंडाला दोन टाके घाल की. सोलापूरला जायला नगं, फुकटात व्हईल."

मी गेलेच. आणि काय सांगू, वर्षभरात चमत्कार झाला. बांगड्या हातातून गळायला लागल्या. ब्लाउज सुनेला उशीच्या खोळी करायला दिले. गुडघ्यांनी कुरकुर सोडली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे शुगर गेली. गोळ्या बंद झाल्या त्या दिवशी मी गल्लीभर सांगत फिरले, "माझी शुगर गेली, माझी शुगर गेली," जसं काही घरातली नकोशी पाहुणी बोचकं घेऊन निघून गेली.

ही माझी समजूत. शुगर गेली म्हणजे आता गोड खायला मोकळी! डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की उलट आता गोडापासून जास्त जपायचं. मी मान हलवली होती. मान हलवण्यात मी लहानपणापासून हुशार.

दुसऱ्या वर्षी कधी कधी दुपारी एकदम हात थरथरायचे, छाती धडधडायची, घाम फुटायचा. मी म्हणायचे, अशक्तपणा. एवढं मांस उतरलंय, अशक्तपणा नाही येणार? मग डब्यातून गुळाचा खडा काढायचा, तोंडात टाकायचा. पाच-दहा मिनिटांत तरतरी. दीड-दोन तासांनी पुन्हा थरथर, पुन्हा खडा. गुळाची ढेप कधी संपायची कळायचं नाही. आमचे मालक विचारायचे, "घरात मुंग्या वाढल्यात का?" मी म्हणायचे, "व्हय, लई वाढल्यात."

तशात येळवस आली.

बाहेरच्या माणसांना येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, सांगावी लागते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गावं रिकामी होतात. कळंबसारख्या बाजारपेठेतसुद्धा त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर फक्त कुत्री. सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की जेवायला बसायचं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं. भज्जी, म्हणजे डाळी-शेंगा आणि पालेभाज्यांची बेसन लावलेली एकत्र भाजी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, गव्हाची गुळातली खीर आणि आंबील. ही आंबील ताकातली, ज्वारीचं पीठ घालून आदल्या दिवशी लावलेली, लसूण-जिऱ्याची, माठात गार झालेली. पोटभर प्यायली की डोळे जड होतात. दुपारनंतर आमचा अर्धा जिल्हा झाडाखाली आडवा असतो आणि उरलेला अर्धा त्याला हसत असतो. कुणी तोंड उघडं टाकून घोरतंय, कुणी झोपेत बोलतंय, सगळ्याला एकच कारण, "आंबील चढली."

त्या वर्षी माझी नात नुकती चालायला लागली होती. तिची पहिली कळती येळवस म्हणून मी सकाळपासून नुसती मिरवत होते. पूजेपर्यंत पोटात काही घेतलं नाही आणि पूजा झाल्या झाल्या पहिली खीर वाढून घेतली. आमच्या या नव्या पिशवीचं एक आहे, भाकरीचा तुकडा अडतो पण खीर सरळ घसरत जाते. एक वाटी घसरली, तिच्यामागं आणखी अर्धी. वरनं दोन पेले आंबील. मग नातीला मांडीवर घेऊन कोपीच्या तोंडाशी, कडब्याला टेकून बसले.

पुढचं मला आठवत नाही. पण मुलानं मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, तो मी नंतर पाहिला.

त्यात एक बारीक झालेली म्हातारी कडब्याला टेकून डुलतेय. पदर खांद्यावरून गेलाय. ओठ हलतायत पण शब्द कळत नाहीत. मागनं जाऊबाईंचा आवाज येतो, "चढली गं चढली हिला आंबील! दोन पेल्यात!" सगळे हसतात. आमचे मालक म्हणतात, "झोपू द्या तिला, सकाळधरनं नाचतीय." म्हातारीच्या मांडीवरनं लेकरू घसरत घसरत खाली येतंय आणि तिचा हात त्याला धरत नाही. लेकरू तिच्या गुडघ्याला धरून उभं राहतं, "आ आ" करतं. म्हातारी त्याच्याकडं बघते आणि विचारते,

"हे कुणाचं लेकरू?"

पुन्हा मोठा हशा. मोबाईल धरणारा माझा मुलगाही हसतो, त्यामुळं चित्र हलतं. मग चित्रात एक हात येतो. हिरव्या बांगड्यांचा, माझ्या सुनेचा. तो माझ्या कपाळावर टेकतो, मानेवर टेकतो, आणि तिथंच थांबतो. तिचा आवाज येतो, "अहो, फोन ठेवा." तिथं व्हिडिओ संपतो.

ती हसली नव्हती, कारण तिला घाम दिसला. सगळे अंगावर स्वेटर-शाली घेऊन बसलेले, आणि माझी मान ओलीचिंब. तिचे वडील इन्सुलिन घ्यायचे. हा घाम तिनं माहेरी लहानपणापासून पुसलेला. तिनं मला हाका मारून गिळता येतंय ना ते बघितलं आणि घोट घोट गुळाचं पाणी पाजलं. मी डोळे उघडले तर समोर सगळे असे उभे, जसं काही मी गेले होते आणि त्यांना विचारून परत आले.

जाऊबाई रडत होत्या. आपण हसलो याचं त्यांना इतकं लागलं, की त्यांनी माझ्या पुढ्यात खिरीची भरलेली वाटीच आणून ठेवली. "खा गं माय, पोटात कायतरी पडू दे. म्या मेली हसत बसले." त्यांच्या मायेपुढं मी कधी नाही म्हणाले होते? खाल्ली. गाडीत बसून कळंबला पोचेपर्यंत मी दुसऱ्यांदा घामाघूम. तसंच दवाखान्यात नेलं. तिथं बोटाला टोचून आकडा बघितल्यावर डॉक्टरांनी आधी मशीन बिघडलंय का ते तपासलं.

दोन दिवसांनी सोलापूर. तिथं आहार सांगणाऱ्या एक बाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "आजी, असं थरथरायला लागलं की तुम्ही काय खाता?"

"गूळ."

"किती?"

"बरं वाटेपर्यंत."

त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. मग सावकाश समजावलं. पोटाची पिशवी लहान, गोड तिथं थांबत नाही, धाडकन आतड्यात उतरतं आणि रक्तातली साखर एकदम चढते. शरीर घाबरतं आणि ती उतरवायला गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं. मग साखर जायला हवी त्याच्याही खाली जाते. मी माझ्या भाषेत असं समजून घेतलं, की लग्नात एकदम मोठी पंगत बसली म्हणून पत्रावळ्या उचलायला नको तेवढी माणसं लावली, आणि ती अशी सुटली की जेवणाऱ्यांच्या पुढ्यातलीही पानं उचलून नेली. मी त्यावर पुन्हा गुळाचा खडा टाकायचे, म्हणजे पुन्हा नवी पंगत आणि पुन्हा तीच माणसं. माझी शुगर गेली नव्हती. ती आता मागच्या दारानं यायला लागली होती.

हे सगळं मला कळलं, आणि लगेच पटलं असंही सांगून टाकते. पटल्यावर माणूस सुधारतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी मला पाहिलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. माझी सून शाळेत शिक्षिका. लेकरासाठी घेतलेली तिची रजा संक्रांतीनंतर संपणार होती. ती कामावर गेली की दिवसभर नात माझ्याकडं, हे तिच्या जन्माआधीपासून ठरलेलं. खरं सांगायचं तर गुडघे आणि पोट दुरुस्त करून घेतलं ते त्याच्यासाठीच. रांगणाऱ्या लेकरामागं धावायचं होतं मला.

एके दिवशी सून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्या, एक बोलू? पोरीला काही दिवस नळदुर्गला, माझ्या आईकडं ठेवावं म्हणते."

"किती दिवस?"

"बघू."

"माझ्यावर राग आहे का तुझा?"

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "राग असता तर बरं झालं असतं हो. रागानं सांगितलं असतं मी. भीती वाटते. तुमचीबी वाटते. तुम्ही दोघीच घरात, दार लावलेलं, आणि तुम्हाला परत तसं झालं तर? ती तुम्हाला उठवू शकणारे का?"

यावर शहाण्या बाईनं काय केलं असतं? सुनेचा हात धरला असता. मी फुगून आत गेले. घरात कुंथलगिरीचा पेढा आलेला होता. त्या खव्याचा वास बंद डब्यातनंसुद्धा हाक मारतो. मी रागानं एक खाल्ला. राग गेला नाही म्हणून दुसरा. माझ्यावर विश्वास नाही म्हणजे काय, असं म्हणत तिसरा. आणि मग तासा-दीड तासानं, ज्या मुद्द्यावर मी भांडत होते, तो माझ्याच अंगानं सिद्ध करून दाखवला. डब्याच्या झाकणावर माझी बोटं टकटक वाजायला लागली. मला ती थांबवता येईनात.

सून आली. मोजून ग्लुकोज पाजलं. थोड्या वेळानं मूठभर भाजके शेंगदाणे हातावर ठेवले आणि म्हणाली, "चावून खा, सावकाश." मग माझ्या शेजारी भुईवर बसून पदरानं माझे तळवे पुसत राहिली. माझी लेक असती तर तिनं मला शिव्या घातल्या असत्या. ही नुसती तळवे पुसत होती. पेढ्यांचा डबा उघडाच होता. तिनं तो बघितला, आणि मी तिला बघताना बघितलं.

मीच म्हणाले, "ने बाई तिला नळदुर्गला."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नात गेली. जाताना एसटीच्या खिडकीतनं टाटा करत होती, मला नव्हे, स्टँडवरच्या एका शेळीला.

घर इतकं शांत झालं की मालक रेडिओ मोठ्यानं लावायला लागले. सून शनिवारी शाळा सुटली की थेट नळदुर्गची एसटी धरायची आणि सोमवारी सकाळी सुजल्या डोळ्यांनी परत शाळेत. ते डोळे बघून मला माझ्या तिन्ही पेढ्यांची लाज वाटायची. मी ठरवलं, आता शिकायचंच. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी जेवायला शिकले. आधी उसळ, अंडं नाहीतर दही, मग भाकरीचा चतकोर. चहा बिनसाखरेचा. पाणी जेवताना नाही, नंतर सावकाश. एकदम पोटभर नाही, थोडं थोडं, पण वेळ चुकवायची नाही. आणि थरथरलं तर सांगितलं तेवढंच मोजून ग्लुकोज, आणि मग त्याला धरून ठेवणारं काहीतरी, शेंगदाणे, अंडं, फुटाणे. "बरं वाटेपर्यंत" हे माप आमच्या घरातून कायमचं हद्दपार झालं.

पण आमच्या गल्लीत गोडाला नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हणणं. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं आणि हातावर तिळगूळ ठेवल्याशिवाय बाई उंबरा ओलांडत नाही. तिथं जाऊबाई कामी आल्या. येळवसच्या दिवसापासून त्या माझ्या बाजूच्या झाल्या होत्या, आणि आमच्या जाऊबाई बाजूच्या झाल्या की समोरच्यानं पळावं. रोज दुपारी येऊन माझ्या शेजारी बसायच्या. कुणी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला की तो मधल्या मध्ये उचलून आपल्या तोंडात.

"आवं, तो त्यांच्यासाठी होता!" बायका म्हणायच्या.

"व्हय की. गोड बोलायचं काम तिचं, खायाचं माजं. आमी वाटून घेतलंय." आणि मला म्हणायच्या, "तुज्यापायी माजी शुगर चढणार बघ आता."

येळवसला करतात तशी भज्जी, पण तिखट कमी आणि डाळी-शेंगा जास्त, असा डबा त्या दोन-तीन दिवसांआड आणायला लागल्या. येळवस सोडून इतर दिवशी भज्जी करायची नसते, असं त्या चाळीस वर्षं सांगत आलेल्या. मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, "देवीला सांगितलंय मी. ती म्हणाली, तिला घाल."

शिमग्याच्या सुमारास एका रविवारी सून नळदुर्गहून आली ती लेकराला घेऊनच. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "माझ्याच्यानं होत नाही आत्या. उद्या एक दिवस करून बघू. मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी मालक कामानं तेरला गेलेले, सून शाळेत, मुलगा त्याच्या दुकानात. घरात मी आणि नात. सकाळ छान गेली. तिनं माझे चष्मे लपवले, मी शोधले. दहा-अकराच्या सुमारास मी तिला केळं कुस्करून दिलं. तिच्या मनात आलं, आता आजीला भरवायचं. इवल्या मुठीत ते लिबलिबीत केळं धरून ती माझ्या तोंडाशी आणायची आणि स्वतःचंच तोंड उघडून दाखवायची, "आ!" अशा घासाला नाही कसं म्हणायचं, हे सोलापूरच्या बाईंनी शिकवलेलं नव्हतं. खाल्ले मी. एकामागं एक. तिची वाटी रिकामी झाली.

बारा वाजून गेल्यावर ओठावर घाम आला.

या वेळी मी तो ओळखला. भ्यायले, खोटं कशाला बोलू. पण आधी उठून पुढच्या दाराची वरची कडी लावली, पोरगी रस्त्यावर जायला नको. मुलाला फोन लावून सांगितलं, "शुगर उतरतीय, घरी ये. मागचं दार नुसतं लोटलंय." नातीला घेऊन भुईवर बसले, म्हणजे पडलं तरी उंची नको. बोटाला टोचलं. सत्तरच्या खाली. ग्लुकोज मोजून घेतलं. एक चमचा जास्त घ्यायची जी इच्छा होते ना, ती इच्छा काय असते ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. सगळं अंग ओरडत असतं, आण, आणखी आण. मी डबा बंद केला आणि त्यावर बसले. अक्षरशः बसले. नातीला वाटलं खेळ आहे. तीही तिचं खेळण्यातलं पातेलं उपडं करून त्यावर बसली.

मुलगा धापा टाकत आला तेव्हा आम्ही दोघी अशा समोरासमोर आपापल्या डब्यांवर. माझे हात थांबत आले होते. पुन्हा टोचून पाहिलं, आकडा वर आलेला. मग उकडलेलं अंडं काढलं. पांढरं मी खाल्लं, पिवळं तिनं माझ्या लुगड्याला पुसलं.

मुलगा म्हणाला, "हिला नको सांगायला. उगाच परत नळदुर्ग सुरू होईल."

मलाही क्षणभर तेच वाटलं. पण मग म्हटलं, तिला न सांगता मी हे लेकरू सांभाळलं, तर ते मी सांभाळलेलं नाही, पळवलेलं आहे. मधल्या सुट्टीत तिला फोन केला.

"बाई, माझी शुगर उतरली होती."

पलीकडं पोरांचा गलका चालू होता. ती म्हणाली, "किती?" मी आकडा सांगितला. "कशानं?" केळ्याचं सांगितलं. "काय घेतलंत?" सांगितलं. "मोजून?" "मोजून. डब्यावर बसले." "आणि आता?" आताचा आकडा सांगितला. "पोरगी?" "अंडं माखून बसलीय. तुझा नवरा आलाय, तो मला वाचवायला आला होता, आता वरण-भात मागतोय."

मी मनातल्या मनात नळदुर्गच्या एसटीत नातीची पिशवी चढवून टाकली.

"बरं," ती म्हणाली. "मला पुढचा तास गणिताचा आहे. तो घेते. शाळा सुटली की येते."

फोन बंद. मी फोनकडं बघत राहिले. खरं सांगते, आधी मला रागच आला. सासू इथं घामानं निथळून उठलीय आणि हिला गणित सुचतंय! पूर्वी असं काही झालं असतं तर ती गाडी काढून धावत आली असती. हे मी मुलाला बोलूनही दाखवलं. तो भाताचा घास तोंडात घेऊन म्हणाला, "आई, ती आली नाही, म्हणजे काय झालं ते कळलं का तुला?"

मला कळायला आणखी एक भांडं घासावं लागलं.

संध्याकाळी ती आली. चपला काढल्या, पोरीला उचलून घेतली, तिचा मुका घेतला, वाकून माझ्या तोंडाकडं एकदा नीट पाहिलं. मग पिशवीतनं शाळेचे पेपर काढता काढता, भाजीत मीठ किती टाकू विचारावं तशा आवाजात म्हणाली, "आत्या, उद्या शाळेत मीटिंग आहे. मला यायला उशीर होईल. तुम्ही दोघी जेवून घ्या."